कण्हेर की अडुळसा

कॅमेरा असताना झाडाचं चित्र हातानं कशाला काढायचं, असं मला आजवर इतक्या लोकांनी विचारलंय की उत्तर तोंडपाठ झालंय. फोटो काढलात की त्या दिवशी, त्या उन्हात, त्या जागी उभं असलेलं एक झाड मिळतं. त्याचं एक पान किड्यानं खाल्लेलं असतं, एक फांदी शेजारच्या झुडपात शिरलेली असते, आणि नेमकं जे बघायचं ते सावलीत गेलेलं असतं. चित्रात कळी, फूल, फळ, बी सगळं एका कागदावर मांडता येतं. झाडावर ती कधीच अशी एकत्र नसतात. फूल उभं चिरून आतलं दाखवता येतं. किडकं पान वगळून धड पान घेता येतं. म्हणजे चित्र एका झाडाचं नसतं, त्या सबंध जातीचं असतं. हे सगळं ऐकून समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "ते खरं हो, पण कॅमेरा असताना..."

असो. बेर्शेबाच्या विद्यापीठात वनस्पतींची चित्रं काढून मी पेन्शनीत निघालो. त्याआधी मी फुलंच काढत होतो, पण ती खोटी. मूळचा मी अलिबागकडचा, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू. मुंबईत एका कापडगिरणीच्या डिझाइन खात्यात साड्यांचे काठ-पदर काढायचो. साडीवरच्या फुलाला पाकळ्या किती, हे कोण मोजतं? जागा भरली आणि बाईच्या डोळ्यात भरलं की झालं. पुढे बायकोला, सेराला घेऊन इस्रायलला आलो तेव्हाही कापडाच्याच कारखान्यात लागलो. इथे साड्या नव्हत्या, टॉवेल आणि चादरी होत्या. फुलं तीच. नव्वदीच्या सुरुवातीला कारखान्यात कॉम्प्युटर आला, आणि आम्हा डिझाइनवाल्यांना हार-तुरे देऊन घरी बसवलं.

सेरा इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिथल्या नोटीस बोर्डावर तिनं वाचलं की विद्यापीठाला झाडांची चित्रं काढणारा माणूस हवाय. मी म्हटलं, आपण फुलांमध्येच जन्म काढलाय, यात काय अवघड? मोठ्या दिमाखात एक बदामाचा फुललेला डहाळा रंगवून घेऊन गेलो.

तिथल्या प्रमुख डॉक्टर तामार. उन्हानं रापलेल्या, पायात सँडल, केस पांढरे आणि आखूड. इथे कुणी कुणाला सर-मॅडम म्हणत नाही, त्या पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी नुसत्या तामार. त्यांनी चित्र खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त हे फूल जगात कुठे उगवत नाही."

मग त्यांनी बदामाचं खरं फूल आणून चिमट्यानं एकेक भाग सुटा करून माझ्यासमोर ठेवला. "तुला माहीत आहे ते काढू नकोस. तुला दिसतंय ते काढ." एवढंच शिक्षण. बाकीची वर्षं मी ते एक वाक्य गिरवत बसलो होतो असं म्हटलं तरी चालेल.

या कामात घाई चालत नाही, आणि फूल तर घाईतच असतं. नेगेवच्या वाळूत हिवाळ्याच्या शेवटी एक आयरिस फुलतो, लांबून काळा दिसतो, जवळ गेलात की गडद जांभळा, आणि उन्हाच्या दिशेनं बघितलं तर वाईनसारखा लालसर. त्याच्यासमोर वाऱ्यात बसून रंग कालवायचे, तामारनी वर छत्री धरायची, आणि दुपार कलायच्या आत पाकळ्या लोळागोळा व्हायच्या. म्हणून आधी रंग, मग रेषा. रेष मेलेल्या फुलाचीही काढता येते, रंग नाही. काही वर्षी तो रंग मला साधला, बऱ्याच वर्षी नाही साधला. त्या हुकलेल्या आयरिसांची रुखरुख अजून आहे.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. हैफाचे एक वकील आले, त्यांना दिवाणखान्यासाठी रानातल्या काटेरी फुलाचं चित्र हवं होतं. चित्र पाहून म्हणाले, "छान, पण काटे जरा कमी करा, बायकोला बोचरं आवडत नाही." मी म्हटलं, काटे काढले तर ते दुसरंच झाड होईल. चित्र नाखुशीनं घेऊन गेले. महिन्याभरानं फोन आला. बायकोला त्यात काटेच आवडले होते म्हणे, आणि हे कुणाचं वर्णन समजायचं ते वकीलसाहेबांना कळत नव्हतं.

पण माझी खरी गिऱ्हाइकं म्हणजे आमच्या सिनेगॉगमधली म्हातारी मंडळी. शनिवारी शब्बाथची प्रार्थना आटोपली की कुणीतरी रुमालाची गाठ सोडायचं. "अरे सलोमन, हा आपला माठ काय रे?" "ही घोळच ना? फरशीच्या फटीत उगवलीय बघ." त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना इथल्या रस्त्यांची नावं अजून नीट म्हणता येत नव्हती, पण कोकणातला ओळखीचा पाला दिसला की चेहरा उजळायचा. बहुतेक वेळा तो पाला त्यांना वाटायचा तो नसायचाच. मी सांगायचो, हा दिसतो तसा, पण तो नाही, याची भाजी करू नका. तोंडं पडायची. सेरा म्हणायची, "जरा गोड शब्दांत सांगत जा." पण पाल्याच्या बाबतीत गोड बोलून चालत नाही. ते का, हे मला एका शुक्रवारी चांगलंच कळलं.

फेब्रुवारी होता. शुक्रवारी दुपारनंतर इथे सगळं आवरतं घेतात. दुकानं, ऑफिसं, मग बस. सूर्य मावळला की शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. मी घरी मासळीला हळद-मीठ लावत होतो. सेराची ड्यूटी होती. फोन तिचाच.

"अहो, पेन्सिली घ्या आणि वॉर्डात या. टॅक्सीनं या."

"कुणाचं चित्र काढायचंय?"

"पाल्याचं. सिम्हाबाईंच्या नातीला काढा पाजलाय, आणि पोर ओकतेय सारखी. काय पाजलं ते कुणाला कळत नाहीये. लवकर या."

सिम्हाबाई आमच्या सिनेगॉगमधल्याच. रेवदंड्याकडच्या. नवरा गेल्यावर मुलगा त्यांना इकडे घेऊन आला, तेव्हा त्यांची साठी उलटली होती. हिब्रू त्यांना दुकानापुरतं यायचं. सून ओर्ना मोरोक्कन घरातली, बालवाडीत शिक्षिका. तिला मराठीचे दोन-चार शब्द यायचे. मुलगा त्या आठवड्यात राखीव पलटणीच्या ड्यूटीवर सरहद्दीकडे गेलेला, निरोप धाडला होता पण त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. म्हणजे घरात सासू आणि सून, आणि दोघींच्या मधला दुभाष्या नाहीसा.

वॉर्डाच्या पॅसेजमध्ये एका टोकाच्या बाकावर सिम्हाबाई, साडीवर स्वेटर, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली. दुसऱ्या टोकाला ओर्ना भिंतीला टेकून उभी. मला पाहून सिम्हाबाई उठल्याच.

"अरे सलोमन, मी काय माझ्या नातीला इख देईन? तूच सांग यांना!"

सेरानं मला बाजूला घेऊन भराभरा सांगितलं. नात नोआ, चार वर्षांची. आठवडाभर खोकत होती. डॉक्टरचं औषध झालं, खोकला राहिला. सकाळी ओर्ना कामावर असताना सिम्हाबाईंनी पाला उकळून, मध घालून काढा पाजला. एकदा पाजला, आराम पडेना म्हणून पुन्हा पाजला. ओर्ना घरी आली तेव्हा त्या तिसऱ्यांदा काढा गाळत होत्या. थोड्या वेळात पोर ओकायला लागली, पांढरीफटक पडली. सिम्हाबाईंचं म्हणणं, अडुळसा होता. अश्दोदच्या रूथबाई आदल्या दिवशी एका लग्नाला आल्या होत्या, त्यांनी कागदात गुंडाळून पानं दिली. सगळी पानं संपली. चोथा कचऱ्यात गेला, आणि कचऱ्याची गाडी शब्बाथपूर्वीची फेरी करून गेली. भांडं ओर्नानंच घासून टाकलं होतं. रूथबाईंचा फोन वाजत होता, पण कुणी उचलत नव्हतं.

"मग अडुळसाच असेल," मी म्हटलं.

"थांबा. शेजारणीनं सकाळी सिम्हाबाईंना बिल्डिंगखालच्या कुंपणाशी पाला तोडताना पाहिलंय. आणि ते कुंपण हरदुफचं आहे."

हरदुफ म्हणजे आपली कण्हेर. या देशात ती रस्तोरस्ती लावलेली. फुलं गुलाबी, देखणी, आणि पानापासून मुळापर्यंत विष. हृदयावर जातं.

मी सिम्हाबाईंना विचारलं, "कुंपणाशी काय तोडत होता?"

"रोजमेरी रे! कण्हेरीच्या पुढ्यात लावलीय ना ती. शब्बाथ संपताना वास घ्यायला काहीतरी सुवासिक लागतं. इथे सब्जा कुठून आणू? ही बघ." पिशवीतून त्यांनी खरोखरच रोजमेरीची काडी काढली. पण कुंपणाशी रोजमेरी तोडली, एवढ्यानं भांड्यात कण्हेर नव्हती हे काही ठरत नव्हतं.

डॉक्टर बोरिस बाहेर आले. रशियातून येऊन त्यांना फार वर्षं झाली नव्हती, हिब्रू सावकाश आणि जपून बोलायचे. माणूस शांत, पण कपाळावर घाम.

"मुलीच्या छातीला वायर लावल्या आहेत," ते म्हणाले. "ठोके आत्ता ठीक आहेत. पण हरदुफ असेल तर ते पुढे बिघडू शकतात. त्यावर औषध आहे. ते औषधही साधं नाही, एवढ्याशा मुलीला गरज नसताना टोचावं असं नाही. रक्त तपासायला पाठवलंय, पण उत्तर यायला वेळ लागेल. थांबायचं की औषध द्यायचं, हे मला ठरवायचंय. नाव मला नकोय. नाव ती आजी सांगतेच आहे, मला ते कळत नाही. मला झाड दाखवा."

"जमेल का?" सेरानं मराठीत विचारलं. मी पेन्सिलीला टोक काढायला लागलो.

सिम्हाबाई खोटं बोलत नव्हत्या, याची मला खात्री होती. पण माणूस खोटं न बोलताही चुकतो. अडुळशाचं झाड मी या देशात कधी पाहिलेलं नव्हतं. रूथबाईंनी दुसरंच काही अडुळसा म्हणून लावलं असेल तर? एकाच नावानं दोन वाड्यांत दोन झाडं चालतात, हे रुमालातल्या पाल्यांनी मला शिकवलं होतं.

सेरा म्हणाली, "सरळ अडुळशाचं पान काढून त्यांना विचारा ना."

"तसं विचारलं तर त्या हो म्हणतील. घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं."

यावर आमच्या धंद्यात एक उपाय आहे. लोकांना बरोबर काय ते सांगता येत नाही, पण चूक चटकन दाखवता येते. म्हणून चुकीचं काढायचं आणि त्यांना दुरुस्त करू द्यायचं. मी नर्सांच्या खोलीत सिम्हाबाईंना समोर बसवलं आणि काही न विचारता एक काडी काढली, तिच्यावर एका ठिकाणाहून तीन-तीन पानं निघालेली. अरुंद, ताठ, मधली शीर जाड.

पूर्ण व्हायच्या आत त्यांनी कागदावर हात आपटला. "ही कण्हेर! मला काय कण्हेर कळत नाही होय रे? आमच्या विहिरीवर होती. बकरीसुद्धा तोंड लावायची नाही."

"बरं. मग तुमचं कसं होतं?"

"दोन-दोन पानं. समोरासमोर."

मी दोन काढली, पण मुद्दाम जाड आणि चकचकीत.

"इतकं दांडगं नाही रे. मऊ. दोन्हीकडे निमुळतं आणि मध्ये पोट. हां... जरा आणखी मोठं. शिरा दिसायच्या चांगल्या." त्या आता पुढे झुकल्या होत्या. "आणि काडीला पेरं. माझ्या बोटाच्या सांध्यासारखी." त्यांनी संधिवातानं सुजलेलं बोट माझ्यासमोर धरलं, आणि मी ते बोट पाहूनच पेर काढलं.

अडुळसाच होता तो, कागदावर तरी. पण कागदावरचा अडुळसा त्या बाईच्या आठवणीतला. रेवदंड्याचा. आज सकाळी बेर्शेबात भांड्यात काय होतं, ते त्यावरून सिद्ध होत नव्हतं. मी बोरिसना तसं सांगितलं.

"मग आणखी कुणी पाहिलं?" ते म्हणाले.

आम्ही सगळ्यांनीच एकदम ओर्नाकडे पाहिलं. काढा गाळताना ती स्वयंपाकघरात आली होती.

मी कोरा कागद घेतला. एका लांबीची चार पानं काढली, एकाशेजारी एक. कण्हेर, निलगिरी, ऑलिव्ह, अडुळसा. निलगिरी थोडी आखूड केली, ऑलिव्ह मोठं केलं, म्हणजे लांबीवरून ओळखता येऊ नये. नावं नाहीत, फुलं नाहीत, रंग नाही. हात त्या वेळी अगदी शांत होता, याचं मला नंतर नवल वाटलं. सिम्हाबाईंना सेरानं नोआच्या खोलीपाशी नेऊन बसवलं, म्हणजे सुनेनं सासूच्या तोंडाकडे पाहून काही म्हणू नये, आणि सासूनं सुनेला खुणावू नये.

ओर्ना चित्र बघायला तयार नव्हती. "मला चित्रं नकोत. तिला औषध द्या."

"देईन," बोरिस म्हणाले. "तुम्ही पाहिलेल्या पानावर बोट ठेवा, मग ठरवतो."

तिनं कागद घेतला. डोळे भरलेले, त्यामुळे तो तिनं लांब धरला. तिचं बोट पहिल्या पानावर गेलं. कण्हेरीवर. आणि तिथेच थांबलं. बोरिस दाराकडे वळायला लागले.

"नाही," ती म्हणाली. आम्हाला नव्हे, स्वतःशीच. मग डोळे मिटून उभी राहिली. "गाळणीत होतं ते पान रुंद होतं. गाळणीच्या कडेवरून खाली लोंबत होतं, ओल्या फडक्यासारखं. हे असतं तर काडीसारखं वर उभं राहिलं असतं." बोट पुढे सरकलं. निलगिरी ओलांडली, ऑलिव्ह ओलांडलं. "हे."

शेवटचं पान.

"नक्की?" बोरिसनी विचारलं.

"नक्की." आणि मग ती रडायला लागली. "मला हरदुफच म्हणायचं होतं. तिच्यावर इतकी चिडले होते ना मी, मला तेच असायला हवं होतं. पण ते हे होतं."

आता प्रश्न हा, की अडुळसा पोटात गेला तर काय होतं? हे मलाही माहीत नव्हतं. आमच्याकडे तो खोकल्याला देतात, एवढंच. मी तामारना घरी फोन लावला. त्या शब्बाथच्या जेवणाच्या गडबडीत होत्या. मी पानाचं वर्णन केलं, लॅटिन नाव आठवेल तसं सांगितलं. त्यांनी पुस्तकं धुंडाळली, पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"मिळालं," त्या म्हणाल्या. "खोकल्याचं औषध, बरोबर. जास्त प्रमाणात घेतलं तर उलट्या होतात, जुलाब होतात. हृदयाबद्दल इथे काही नाही. पण सलोमन, हे झाड मी जिवंत कधी पाहिलेलं नाही, माझ्यापुढे फक्त पुस्तक आहे. हेसुद्धा डॉक्टरांना सांग."

मी फोन बोरिसच्या हातात दिला. दोघांचं बोलणं झालं. बोरिसनी फोन ठेवला, पडद्यावरचे ठोके पाहिले, मुलीच्या पोटावर हात ठेवून पाहिलं, आणि म्हणाले, "थांबतो. वायर राहू देत. ठोका जरा जरी चुकला तरी औषध."

मग ती वाट बघणं. त्याचं वर्णन काय करू? पडद्यावर हिरवी रेघ चालत होती. आयुष्यभर रेघा काढल्या, पण एखाद्या रेघेकडे इतक्या जिवाच्या आकांतानं कधी पाहिलं नव्हतं. नोआ आणखी एकदा ओकली, मग तिला झोप लागली. आम्ही तिच्या झोपेवरही विश्वास ठेवत नव्हतो. बोरिस दर थोड्या वेळानं येऊन तिच्या पापण्या उघडून बघत होते. खिडकीबाहेर शेवटच्या बस गेल्या आणि रस्ता सुना झाला.

तेवढ्यात सेराच्या टेबलावरचा फोन वाजला. रूथबाई. त्या बसमधून उतरून परस्पर लेकीकडे गेल्या होत्या, तिथे त्यांना निरोप मिळाला. इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की पॅसेजपर्यंत ऐकू येत होतं.

"अगं अडुळसाच! माझ्या बाल्कनीतला! गावाहून फांदी आणली होती मी, ओल्या पंच्यात गुंडाळून! पण मी तिला दोन पानं म्हटलं होतं गं, दोन पानं! तिनं पुडीच्या पुडी उकळली काय?"

सेरानं सिम्हाबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला. "पोर खोकून खोकून निळी पडत होती," त्या पुटपुटल्या. "दोन पानांनी काय होतंय, असं वाटलं मला."

नोआ जागी झाली. डोळे किलकिले करून तिनं सगळ्यांकडे पाहिलं आणि अर्ध्या उघड्या दारातून बाहेरच्या आजीला हिब्रूत म्हणाली, "सव्ता, तुझा चहा छी आहे." मग म्हणाली, "भूक लागली."

बोरिस हसले. दुपारपासून पहिल्यांदाच. "चवीची तक्रार करते म्हणजे बरी आहे," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. वायर रात्रभर राहणार होत्या, पण त्यांचा चेहरा पाहून आम्हाला कळलं की मोठं संकट गेलं.

सिम्हाबाई आत जायला धजत नव्हत्या. बाकावरच बसून राहिल्या, पिशवी मांडीवर. ओर्ना त्यांच्यापाशी आली. तिनं सासूच्या हातातली पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली, खोलीचं दार उघडून धरलं आणि मराठीत म्हणाली, "या."

सिम्हाबाई उठल्या आणि आत गेल्या. दार बंद झालं. मी पेन्सिली गोळा केल्या आणि सेरानं दिलेला चहा घेतला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी गेलो. शब्बाथ लागला होता, रस्त्यावर गाड्या नव्हत्या, घराघरातून जेवणाचे वास येत होते. सेरा माझा हात धरून चालत होती, इतक्या वर्षांत ती रस्त्यात असं कधी करत नसे. मधेच थांबून म्हणाली, "मासळीचं काय झालं?"

"ओट्यावरच राहिली."

"मग गेली ती." आणि आम्ही दोघं उगाचच हसत सुटलो. अंड्याची पोळी आणि पाव खाल्ला. इतकं चविष्ट जेवण मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी रक्ताचं उत्तर आलं. कण्हेरीचा मागमूस नव्हता. नोआ घरी गेली. खोकला पुढे डॉक्टरी औषधानंच थांबला, हेही सांगायला हवं, नाहीतर कुणी वाचक आज संध्याकाळीच अडुळसा उकळायला घ्यायचे. सिनेगॉगमध्ये त्यानंतर मी "हे खाऊ नका" म्हटलं की कुणी तोंड पाडत नसे.

माझं टेबल पुढे लहान होत गेलं. दोन हजारनंतर विभागात स्कॅनर आला, चांगले कॅमेरे आले, आणि तामार निवृत्त झाल्यावर चित्रं मागणारं कुणी उरलं नाही. मलाही पेन्शनचं वय झालं होतं. कुणाला दोष नाही. माझ्या मुलांना त्या झाडांची हिब्रू नावं येतात, मराठी येत नाहीत, ही एक खंत. पण जी चित्रं झाली ती कपाटात आहेत, आणि ज्याला हवं त्याला तिथे झाड सापडतं. एका माणसाच्या नोकरीतून आणखी काय निघायला हवं?

त्यातल्या एका चित्राचं तेवढं सांगायचं राहिलं.

त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी तामार म्हणाल्या, "मला ते झाड बघायचंय." आम्ही त्यांच्या गाडीतून अश्दोदला गेलो. रूथबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीतून बंदराच्या क्रेन दिसायच्या. रूथबाईंनी दार उघडलं, माझ्यामागे खाकी कपड्यातल्या तामारना पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अडुळसा? कसला अडुळसा? माझ्याकडे नाही काही."

बाल्कनीत ओल्या मातीचा गोल डाग होता, डबा उचलल्याचा. तामारनी तो पाहिला आणि मला हिब्रूत म्हणाल्या, "बाईंना सांग, मी सरकारी तपासनीस नाही. परदेशातून फांदी कशी आणली ते मी विचारणार नाही."

मी सांगितलं. रूथबाईंनी तामारकडे वरून खाली पाहिलं, मग बाथरूमचं दार उघडलं. आत ऑलिव्हच्या पत्र्याच्या डब्यात अडुळसा उभा होता, शॉवरखाली, छतापर्यंत. कुणी चौकशीला येईल म्हणून लेकीच्या मदतीनं आधीच लपवलेला. आणि फुललेला. पांढरी फुलं, जबडा उघडल्यासारखी, खालच्या ओठावर जांभळ्या रेघा.

तामार त्या ओल्या फरशीवर गुडघ्यांवर बसल्या. एकेक फूल जवळून बघू लागल्या.

आम्ही तिघांनी मिळून तो डबा उन्हात आणला. रूथबाई फांदी तोडू देईनात. "चित्र काढ हवं तर," म्हणाल्या. मी खुर्ची मांडली, कागद लावला. समुद्रावरून वारा येत होता, पानं हलत होती, थांबत होती. मी नुसतं बघत बसलो. पान दांड्याला कुठे लागतं, पेर कुठे फुगतं, रेघ जांभळी कुठे आणि गुलाबी कुठे. झाड समोर होतं आणि कुठेही जाणार नव्हतं. आत तामार आणि रूथबाई एकमेकींना न कळणाऱ्या भाषांत काहीतरी हसत बोलत होत्या. ऊन बाल्कनीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकलं.

"झालं काय रे?" आतून रूथबाईंची हाक आली. "चहा निवतोय!"

मी अजून पहिल्याच पानावर होतो.

"नाही हो," मी म्हटलं. "अजून खूप बाकी आहे."